अण्णांचं काम, बायांचं घर

मोठ्या माणसाचं चरित्र हातात आलं की मी हल्ली आधी त्याचं घर शोधते. संस्था कधी काढली, गौरव कुठे झाला, हे ठळक अक्षरांत असतंच. घर मात्र दोन ओळींत उरकलेलं असतं. पत्नीची मोलाची साथ लाभली, मुलंही कर्तृत्ववान निघाली, की संपलं. त्या मोलाच्या साथीत कुणाची किती वर्षं गेली, महिनाअखेरीला डब्यांत काय उरलं होतं, तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी रात्रभर कोण बसलं होतं, हे कुणी लिहीत नाही.

स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, बाबतीत आपलं भाग्य असं की या घराची हकीकत दोन्ही बाजूंनी सांगितली गेली आहे. अण्णांनी स्वतःचं आत्मवृत्त १९१५ साली प्रसिद्ध केलं. पुढे त्यांच्या पत्नीने, आनंदीबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या बायांनी, आपली कहाणी सांगितली. ‘माझे पुराण’ या नावाने ती १९४४ साली छापली गेली. ही दोन पुस्तकं मी एकापाठोपाठ एक वाचली, आणि तेव्हापासून अण्णांची आठवण बायांना वगळून काढता येत नाही.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. वाढले दापोलीजवळच्या मुरूडला. घरची गरिबी, पण मिंधेपण पत्करायचं नाही असा आईवडिलांचा बाणा. त्यांच्या लहानपणातला एक प्रसंग शाळेच्या पुस्तकांतून बऱ्याच जणांनी वाचलेला असतो. त्याच्याजवळ मी दरवेळी थांबते. साल १८७५. सहावीची सार्वजनिक परीक्षा द्यायची, तर साताऱ्याला जायला हवं. मुरूड ते सातारा शंभर मैलांहून जास्त वाट, मधे सह्याद्री, पावसाळा पुरता ओसरलेला नाही. पाठीवर बोचकं घेऊन धोंडू आणि त्याच्यासोबतची पोरं चालत निघाली. चिखल तुडवत, घाट चढून वेळेत साताऱ्याला पोचली. परीक्षेला बसायला सतरा वर्षं पुरी हवीत असा नियम होता. धोंडूची ती झालेली होती, हातात दाखलाही होता. पण अंगलट किरकोळ, चण लहान. परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतराचा दिसत नाही म्हणून बसू दिलं नाही. आला तसा तो परत निघाला.

या प्रसंगाचं तात्पर्य म्हणून जिद्द सांगतात. मला त्या परतीच्या वाटेचं जास्त वाटतं. जाताना निदान परीक्षेची ओढ तरी असते. परत येताना तेवढेच मैल, तोच घाट, आणि घरी सांगायला काही नाही. शाळेच्या दारातून माघारी पाठवलं जाणं म्हणजे काय, हे ज्याला पायांनी कळलं, तो पुढे आयुष्यभर इतरांसाठी दारं उघडत राहिला. हे माझं वाचन आहे, अण्णांनी असं काही म्हटलेलं नाही. ते स्वतःबद्दल फार मोजकं आणि कोरडं लिहितात. गणिताच्या माणसाने उत्तरापुरत्या पायऱ्या मांडाव्यात, तसं.

मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ साल उजाडलं. तेव्हा वय तेवीस. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते गणित घेऊन बी.ए. झाले आणि मग शिकवण्या, शाळा, पुन्हा शिकवण्या. लग्न तर पोरवयातच झालं होतं, राधाबाईंशी. १८८२ साली रघुनाथ झाला. मुंबईतल्या बिऱ्हाडात त्यांचे मित्र नरहरपंत जोशीही होते, आणि काही काळ नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाईसुद्धा. गोदूबाईचं लग्न आठव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला होता. अशा मुलीपुढे त्या काळी काय वाढून ठेवलेलं असे, ते वेगळं सांगायला नको. पण ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन ही विधवांसाठीची शाळा उघडली, आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाईचं नाव लागलं. शिकायला सुरुवात झाली तेव्हा तिची विशी उलटून गेली होती.

१८९१ साली दोन गोष्टी घडल्या. राधाबाई गेल्या, आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला या असं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. नऊ वर्षांचा आईवेगळा रघुनाथ आणि पुण्यातली नवी नोकरी, असा तो काळ. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हे अण्णांनी ठरवलं होतं. बोलणी नरहरपंतांच्या वडिलांशी झाली आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई आनंदीबाई कर्वे झाल्या. शारदासदन सुरू झालं त्याच तारखेला, चार वर्षांनी.

कायद्याने विधवाविवाहाला १८५६ सालीच मान्यता दिली होती. गावाने दिली नव्हती. मुरूडला सभा भरली, बहिष्काराचा ठराव झाला. अण्णांशी संबंध ठेवील त्यालाही वाळीत टाकायचं, मग ते सख्खं घर का असेना. थोरला भाऊ, बहीण, म्हातारी आई तिथेच राहत होती आणि त्यांना त्याच गावात राहायचं होतं. पुनर्विवाहाची गोष्ट सांगताना आपण नवऱ्याच्या धैर्याबद्दल बोलतो. आईचं काय झालं असेल? पोटच्या पोराला जेवायला वाढता येत नाही, कारण वाढलं तर दुसऱ्या पोराच्या संसारावर गदा येईल. अण्णांना कुटुंबाची ओढ नव्हती असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुरूडबद्दल ते काय लिहितात ते जरूर वाचावं. ज्या गावाने वाळीत टाकलं त्याच गावासाठी त्यांनी आधीच मुरूड फंड सुरू केला होता. बहिष्कारानंतरही गावाशी असलेलं नातं त्यांनी आपल्या बाजूने तोडलं नाही.

आता हिंगण्याकडे येते. मला खरं सांगायचंय ते इथलं.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकर अध्यक्ष. पुण्यात विधवांसाठी घर सुरू झालं, आणि प्लेगमुळे १९०० साली ते गावाबाहेर हिंगण्याला हलवलं. एका दानशूर गृहस्थांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले होते. त्या माळावर एक झोपडी उभी राहिली आणि तिथे मूठभर विधवा मुली राहू लागल्या. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान घेऊन चालत हिंगण्याला जायचे, मुलींना शिकवायचे, रात्री तिथेच राहायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजसाठी पुण्यात. धड रस्ता नव्हता. पावसात त्या वाटेचं काय होत असेल याची कल्पना आजच्या कर्वेनगरच्या गर्दीत उभं राहून येत नाही.

आणि त्या रात्री पुण्यातल्या घरात बाया होत्या. शंकर सहा वर्षांचा, दिनकर पाळण्यात. घरात येणाऱ्या पैशाला आधीच फाटे फुटलेले. फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांचा पगार त्यागाच्या हिशेबानेच बेतलेला होता. त्यातून आश्रमाला, त्यातून फंडाला. पुढे तर अण्णांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. विमा हा माणूस स्वतःसाठी उतरवत नाही, आपल्या पाठीमागे राहणाऱ्यांसाठी उतरवतो. बाया एकदा विधवा झालेल्या होत्या, तेही आठव्या वर्षी. विधवेच्या हाती काही नसलं की काय होतं हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत होतं? त्यांना संताप आला नसता तरच नवल.

बायांनी रडत बसण्याचा स्वभाव ठेवला नाही. त्या सुईणपणाचं शिक्षण घेऊन आल्या. हातात कसब असावं, चार पैसे आपल्या हिमतीवर मिळावेत, म्हणून. अडलेल्या बाईच्या उपयोगी पडता आलं, हा त्याहून मोठा लाभ. विधवांच्या शिक्षणावर भाषणं देणारे पुण्यात पुष्कळ होते. नाळ कापून, बाळाला न्हाऊ घालून, बाळंतिणीला धीर देऊन घरी येणारी आणि मग चूल पेटवणारी बाई वेगळं शिक्षण देत होती. तिचा वर्ग कुठल्याही अहवालात नोंदलेला नाही.

आणखी एक गुंता होता, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आश्रमाला देणग्या देणाऱ्यांत असे लोक होते ज्यांना विधवांनी शिकावं हे मान्य होतं, पण त्यांनी पुन्हा लग्न करावं हे मान्य नव्हतं. आश्रम जगवायचा म्हणून अण्णांनी पुनर्विवाहाच्या चळवळीतून अंग काढून घेतलं. धोरण म्हणून मला ते पटतं. मुली शिकल्या तर पुढचं त्यांचं त्या पाहतील, हा त्यामागचा विचारही कळतो. पण त्या धोरणाची झळ कुणाला लागली? पुनर्विवाह केलेली बाई तर अण्णांच्या स्वतःच्याच घरात होती. नवऱ्याने उभ्या केलेल्या आश्रमात तिचा वावर देणगीदारांच्या नजरेत खुपणारा. आणि त्याच आश्रमात तिची सख्खी धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले, विधवेच्या वेषात मानाने काम करत होती, गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसा उभा करत होती. पार्वतीबाईंचं मोठेपण निर्विवाद आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या असताना, इंग्रजी जेमतेम असताना, १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. पण मी ही दोन बहिणींची जोडी डोळ्यांपुढे आणते तेव्हा मन बायांपाशी जातं.

अण्णांनी यातलं काही लपवलं नाही. आपल्या कामापायी घरच्यांची आबाळ झाली हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे त्याग करणाऱ्याचं कौतुक करताना तो त्याग एकट्याचाच होता असं धरून चालण्याची रीत आहे. पैसा सोडला तो त्याने, सुख सोडलं ते त्याने. त्या पैशावर, त्या सुखावर आणखी चौघांचा हक्क होता, त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न चरित्रकार टाळतात. अण्णांनी तो टाळला नाही. म्हणूनच त्यांना कुटुंबवत्सल म्हणायला माझी जीभ अडखळत नाही. ज्याला घराची माया नसते त्याला घराची आबाळ दिसतच नाही.

आमच्या घरातली एक गोष्ट इथे सांगते. वडिलांची आत्या हिंगण्याला शिकली होती. तीही बालविधवा. आम्ही तिला मोठी आजी म्हणायचो. ट्रेनिंग होऊन ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली, आणि निवृत्त होईपर्यंत तिच्या पगारावर भावाची मुलं शिकली, त्यांत माझे वडीलही. रोज रात्री जेवणं झाली की ती दिवसाचा खर्च वहीत लिहायची. पेन्सिल बोटभर उरली तरी टाकायची नाही, तिला कागदाची गुंडाळी करून लांब करायची. वहीच्या उजव्या कोपऱ्यात शिल्लक, आणि शिल्लक जुळल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. हिंगण्याबद्दल विचारलं की ती महर्षींबद्दल फारसं बोलत नसे. अभ्यासाबद्दल बोले. भूगोलाचा नकाशा पहिल्यांदा भिंतीवर टांगलेला पाहिला तेव्हा किती वेळ उभी राहिले ते सांगे. आणि शेवटी म्हणायची, “मला माझी सही करता येते बाई, दुसऱ्याच्या कागदावर अंगठा नाही उठवावा लागला कधी.”

माझ्या वडिलांची फी, पर्यायाने माझं शिक्षण, मोठ्या आजीच्या त्या पगारातून आलं. तो पगार हिंगण्याहून आला. आणि हिंगणं कशातून उभं राहिलं याचा माग काढत गेलं की अण्णांच्या पायपिटीइतकीच बायांची काटकसर लागते. ज्या दुधाला, ज्या औषधाला, ज्या लुगड्याला त्या घराने त्या वेळी नाही म्हटलं असेल, त्यातलं काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं आहे. हे मी अलंकारिक म्हणून लिहीत नाही. पैशाचा मागच काढायचा तर तो असाच जातो.

पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून भराभर सांगते. १९०७ साली महिला विद्यालय, १९०८ साली संस्थेसाठी निःस्वार्थ कार्यकर्ते घडवणारा निष्काम कर्ममठ. १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्ती. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका वाचनात आली आणि १९१६ साली स्त्रियांचं विद्यापीठ सुरू झालं, मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारं. पहिल्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला लागलं, तेच आजचं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. सत्तरी ओलांडल्यावर १९२९ साली अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले, आपल्या कामाची माहिती देत आणि निधी जमवत. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले.

त्याच सुमाराची घरातली एक गोष्ट मात्र भराभर सांगून चालणार नाही. दिनकरची पत्नी इरावती. मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी तिने जर्मनीला जायचं ठरवलं, १९२८ साली. आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या तिच्या सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. दिनकरांनी तिला पाठिंबा दिला, काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं, इरावतीबाई बर्लिनला गेल्या आणि डॉक्टरेट घेऊन आल्या. अण्णांनी नको म्हणावं याचं मला वाईट वाटतं. ते कारण काहीही असो, सूनच होती म्हणून त्यांना जड गेलं असेल का, असं मनात येतंच. पण त्याच घरात बापाचं न ऐकता बायकोला परदेशी पाठवणारा मुलगा तयार झाला होता. तो कुठल्या शाळेत शिकून तयार होत नाही. तो बाया आणि अण्णांना रोज एकमेकांशी बोलताना, भांडताना, एकमेकांपुढे न वाकता एकत्र राहताना पाहून तयार होतो.

मुलांची गोष्टच तशी आहे. रघुनाथरावांनी संततिनियमनाचं काम हाती घेतलं, तेही बापाला वाळीत टाकणाऱ्या समाजाला त्याहून असह्य वाटणारं. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले, तरी १९२७ साली सुरू केलेलं ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी अखेरपर्यंत चालवलं. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य. भास्कर आणि त्यांची पत्नी कावेरीबाई हिंगण्याच्या संस्थेत रमले. चौघांपैकी कुणाच्याही वाटा सारख्या नाहीत. ज्या घरात बाप एवढा मोठा असतो तिथे मुलं बहुधा त्याच्या सावलीत खुरटतात किंवा रुसून लांब जातात. इथे तसं झालं नाही, याचं श्रेय मी अर्धं तरी बायांना देते.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी पुन्हा नवं काम काढलं. महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे शाळा काढायची. विद्यापीठ काढलेला माणूस अक्षरओळखीकडे वळला, आणि अशा चाळीसेक शाळा उभ्या राहिल्या. पंधरा लाखांची देणगी मिळवलेले अण्णा आता खेड्यातल्या गुरुजीच्या पगारासाठी दारोदार जाऊन वर्गणी मागत होते. मला त्यांच्या सगळ्या कामांत हे सर्वांत जवळचं वाटतं. लोकशिक्षक म्हणावं ते याला.

बाया १९५० साली गेल्या. अण्णांची शंभरी, १९५८ चं भारतरत्न, त्यांच्या चित्राचं टपाल तिकीट, यातलं काही त्यांनी पाहिलं नाही. अण्णा ९ नोव्हेंबर १९६२ रोजी गेले.

बायांचं ते आत्मकथन कागदावर आलं, यात सुनेचा, कावेरीबाईंचा हात आहे. सासू सांगत गेली आणि सुनेने ते सांभाळून पुस्तकरूपात आणलं. त्यात महर्षींची पत्नी बोलत नाही. कोकणातल्या जोश्यांची गोदी बोलते, तिच्याच धारेच्या भाषेत. नवऱ्याचं मोठेपण तिला पुरेपूर माहीत आहे आणि त्याच्यावरचा रागही तिने गिळलेला नाही. अण्णांच्या आत्मवृत्ताच्या प्रती ग्रंथालयांत सहज मिळतात. शेजारी हेही मागून घ्या, आणि जमलं तर आधी हे वाचा.